कर्मवीर भाऊराव पाटील : नांगराच्या व्यवसायातून रयतेच्या शाळेकडे

हातकणंगले तालुक्यातील कुंभोज हे गाव बाहुबलीच्या डोंगरामुळे आपणा सर्वांना परिचित आहे. यात्रेच्या निमित्ताने त्या परिसरात आपले जाणे-येणे होते, डोंगर चढून दर्शन घेतले जाते आणि सायंकाळी माणसे घरी परततात. याच कुंभोज गावात २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका दिगंबर जैन कुटुंबात भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला, याचे स्मरण मात्र त्या गर्दीत फार थोड्यांना होत असेल. कुटुंबाचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. घरात शेती, वडील महसूल खात्यात नोकरीस, आई गंगाबाई धर्मनिष्ठ. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज मुख्यत्वे शेतकऱ्यांचा. त्यांच्यापैकीच हे एक घर.

कर्मवीरांचे चरित्र पुष्कळांनी लिहिले आहे आणि रयत शिक्षण संस्थेचा विस्तार सर्वज्ञात आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या आयुष्यातील एका वळणाकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. ऐन उमेदीची वर्षे लोखंडी नांगरांच्या व्यवसायात घालविलेला हा मनुष्य हातांनी राबणाऱ्या मुलांचा शिक्षक झाला. तो कसा झाला, आणि त्या व्यवसायाने त्याला काय शिकविले, हा प्रश्न संस्थेच्या शाखांची संख्या मोजण्याइतकाच महत्त्वाचा आहे, असे आम्हांस वाटते.

वडिलांच्या नोकरीमुळे भाऊरावांचे बालपण निरनिराळ्या गावी गेले. अभ्यासात त्यांचे मन फारसे रमले नाही. अंगात ताकद आणि स्वभावात हूडपणा असल्याने पोहणे व कुस्ती यांतच त्यांचा वेळ अधिक जाई. पुढे कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये त्यांचे नाव घातले गेले आणि राहण्याची सोय तेथील जैन बोर्डिंगमध्ये झाली. हे बोर्डिंग म्हणजे त्या काळच्या आपल्या समाजाचे मोठे भूषण होते. त्याची धुरा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे उच्चविद्याविभूषित, समाजाच्या सुधारणेसाठी झटणारे, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या कार्यातील अग्रणी. खेड्यातील जैन मुलाने शहरात राहून शिकावे यासाठी त्यांनी अपार कष्ट घेतले होते.

याच बोर्डिंगमधून भाऊरावांना बाहेर पडावे लागले. सन १९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनास बसावे, असा बोर्डिंगचा दंडक होता. माणसांना भेटून आल्यावर स्नान कशासाठी, असा त्यांचा सरळ सवाल होता आणि स्नान करण्यास त्यांनी साफ नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

हा प्रसंग सांगताना आपल्याकडे थोडा संकोच दिसून येतो. संकोचाचे कारण नाही. तो दंडक त्या काळी बहुतेक सर्वच उच्चवर्णीय वसतिगृहांत होता आणि लठ्ठ्यांसारख्या सुधारकालाही तो मोडता आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तरीही तो प्रसंग आपल्याच घरात घडला. अहिंसा आणि जीवमात्राविषयी समभाव हे ज्या धर्माचे सार, त्या धर्माच्या मुलांसाठी काढलेल्या घरात एका मुलाला ताटावरून उठावे लागले, आणि तेही समभाव आचरणात आणला म्हणून. भाऊरावांच्या पुढील आयुष्याचे बीज येथे आहे.

बोर्डिंग सुटल्यावर त्यांना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. महाराजांनी निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात स्वतंत्र वसतिगृहे काढविली होती. त्या काळाचा विचार करता ते क्रांतिकारक पाऊल होते, कारण त्यावाचून खेड्यातील मुलाला शहरात थारा मिळणेच अशक्य होते. भाऊरावांनी ती सर्व वसतिगृहे जवळून पाहिली. प्रत्येक जातीचे छप्पर वेगळे असण्याऐवजी सर्वांचे छप्पर एकच का असू नये, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून घोळत असावा. शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या आसपास थांबले. मॅट्रिकची पायरी त्यांनी कधीच ओलांडली नाही.

त्यानंतर काही काळ साताऱ्यास राहून त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या. शिकविण्याची हातोटी चांगली असल्याने त्यांचा जम बसला आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. याच सुमारास, १९१० मध्ये, सहकाऱ्यांसह त्यांनी दूधगाव येथे विद्यार्थी आश्रम सुरू केला. सर्व जातींची मुले एकत्र ठेवण्याचा हा त्यांचा पहिला प्रयत्न. पण पाटील मास्तरांच्या शिकवण्यांना येणारी मुले पैसे देऊ शकणाऱ्या घरांतील होती, हे येथे नमूद केले पाहिजे. शिक्षकाचा पेशा त्यांनी प्रथम असा सुखवस्तू घरांत बसून केला आणि मग तो सोडला. पुन्हा ते शिक्षणाकडे वळले तेव्हा शिक्षकही बदललेला होता आणि विद्यार्थीही.

मध्यंतरी १९१४ साली एक विपरीत प्रकरण उद्भवले. कोल्हापुरात एका पुतळ्याला डांबर फासले गेले आणि त्या कृत्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा घाट घातला गेला. भाऊरावांनी लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आणले गेले. ज्या गृहस्थांनी आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले त्यांच्याविरुद्ध दोन शब्द बोलले असते तर भाऊरावांची सुटका होती. त्यांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. तेथील छळ इतका असह्य झाला की त्यांनी स्वतःचा जीव देण्याचाही प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले. लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ च्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्रीही झाले. त्यांच्या या उज्ज्वल कारकीर्दीला त्या वेळी डाग लागला नाही, यात बोर्डिंगमधून काढलेल्या या विद्यार्थ्याचा वाटा आहे. सत्य व्रताचे पालन म्हणजे काय, हे आपल्या मुलांना सांगताना दूरच्या कथा शोधण्याची गरज पडू नये.

यानंतर भाऊराव व्यापार-उद्योगाच्या क्षेत्रात शिरले. ओगले यांच्या काचकारखान्याचे आणि त्याहून अधिक काळ किर्लोस्करांच्या नांगराचे काम त्यांनी केले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली होती आणि तेथे लोखंडी नांगर तयार होत होते. नांगर तयार करणे ही एक गोष्ट झाली. तो शेतकऱ्याच्या गळी उतरविणे ही दुसरी, आणि ती अधिक अवघड होती. लोखंडाने जमीन नासते, मातीत विष उतरते, अशी समजूत तेव्हा खेडोपाडी होती. किर्लोस्करांचे अगदी पहिले सहा नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली, यावरून त्या अडचणीची कल्पना यावी.

लाकडी नांगर माती फोडतो. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि माती उलथवून टाकतो. हराळीची मुळे उन्हात उघडी पडतात. हे ऐकून कोणाला पटत नाही. ते डोळ्यांनी पाहावे लागते, आणि त्याहीपेक्षा रुमण्यावर स्वतःचा हात ठेवून अनुभवावे लागते. भाऊराव शेतकऱ्याच्या घरात वाढलेले, धिप्पाड, आवाज खडा, बोली अस्सल गावाकडची. गावात जावे, चावडीवर माणसे जमवावीत, कोणा एकाचे शेत मागून घ्यावे, बैल जुंपावेत आणि नांगर चालवून दाखवावा, असे हे काम. ज्याला शंका असेल त्याच्याच हाती नांगर द्यावा. विक्रेत्याचे हे काम वास्तविक शिक्षकाचेच काम होते, फक्त त्याला फळा आणि खडू लागत नव्हता.

या भटकंतीत त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. ज्या हातांना नवा नांगर घटकाभरात साधत होता, त्याच हातांना सावकाराच्या कागदावर अंगठा उठविण्यापलीकडे काही येत नव्हते. नांगराची रचना झटकन समजून घेणारा शेतकरी मंद बुद्धीचा खासच नव्हता. त्याला अक्षर शिकविण्यास कोणी त्याच्या बांधापर्यंत गेलेच नव्हते. नांगर बांधावर नेता येतो, तर शाळा का नेता येऊ नये? सत्यशोधक समाजाच्या कार्यात ते याच काळात ओढले गेले होते आणि महात्मा फुले यांचा विचार त्यांच्या मनात खोलवर रुजला होता. नांगर विकण्यासाठी गावी जावे आणि त्याच मुक्कामात शिक्षणाविषयी सभा घ्यावी, असा त्यांचा परिपाठ पडला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली.

संस्था निघाली, पण पैसा कोठून आणावयाचा? साताऱ्याचे धनजीशा कूपर हे पारशी उद्योजक पुढे आले. भाऊरावांच्या आग्रहाने आणि सहकार्याने १९२२ मध्ये साताऱ्यात नांगरांचा कारखाना उभा राहिला. (हाच कारखाना पुढे वालचंद समूहाकडे गेला, ही आपल्या समाजबांधवांसाठी एक कौतुकाची नोंद.) कारखान्याच्या उत्पन्नातून संस्थेला साहाय्य मिळावे, अशी भाऊरावांची अपेक्षा होती. त्या वाट्यावरूनच मतभेद झाले आणि ते विकोपाला गेले. भाऊरावांचा स्वभाव तापट होता, हे त्यांच्या भक्तांनीही लपविलेले नाही. त्यांनी कारखान्याशी संबंध तोडला.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीच्या पुढे गेले होते. नांगराच्या धंद्यातील त्यांच्याइतका जाणकार माणूस त्या भागात विरळाच. दुसरा कोणताही कारखाना त्यांना आनंदाने घेता, किंवा स्वतःची पेढीही काढता आली असती. पदरी संसार होता. अशा वेळी हातची विद्या सोडून, पगाराची शाश्वती नसलेल्या कामात स्वतःला झोकून देणे ही गोष्ट ऐकण्यास गोड आणि करण्यास फार कठीण. ती कठीण आहे याची जाणीव भाऊरावांपेक्षाही त्यांच्या पत्नीला अधिक झाली असेल.

सन १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. आरंभी मूठभर मुले होती, पण त्यांत निरनिराळ्या जातींची मुले होती आणि ती एकाच पंक्तीला जेवत होती. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि सौ. लक्ष्मीबाईंना वहिनी. लक्ष्मीबाई कुंभोजच्याच, खात्यापित्या जैन घरातील, सोवळ्याओवळ्याच्या आणि व्रतवैकल्यांच्या वातावरणात वाढलेल्या. पतीचा मार्ग त्यांना प्रथमपासूनच सहज रुचला असेल असे मानणे म्हणजे त्यांच्या त्यागाची किंमत कमी करणे होय. ज्या जातींच्या सावलीचाही विटाळ मानावा असे त्यांच्या कानावर लहानपणापासून पडले होते, त्या जातींच्या मुलांना त्यांनी आपल्या हातांनी वाढले, त्यांच्या आजारपणात उशाशी बसल्या. वसतिगृहात धान्य संपले की त्यांच्या अंगावरचा एखादा दागिना कमी होई. माहेरचे सोने असे एकेक करून गेले. अखेर एकदा मुलांच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला आणि भाऊराव गावाबाहेर होते, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. आपल्या समाजात सुवासिनीला मंगळसूत्र म्हणजे काय, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचा वटवृक्ष त्यांना पाहावयास मिळाला नाही. त्यांनी पाहिली ती रोजची चूल आणि तिच्याभोवती बसलेली भुकेली मुले.

१९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. कोल्हापुरात ज्यांनी आश्रय दिला त्यांच्या नावाने हे सर्व जातींचे घर उभे राहिले. धनिणीच्या बागेतील या घरात नोकरचाकर जवळजवळ नव्हतेच. स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट, कपडे धुणे, बागेची मशागत ही सर्व कामे मुले पाळीपाळीने करीत. ब्राह्मणेतर, ब्राह्मण, जैन, मुसलमान, अस्पृश्य म्हणून गणला गेलेला, असा कोणताही मुलगा असो, त्याची पाळी चुकत नसे. भाकरी थापणे हे कोणा एका जातीचे वा स्त्रियांचेच काम, ही समजूत त्या चुलीपुढे टिकत नसे.

येथेच नांगराच्या व्यवसायातील अनुभव कामी आला, असे आमचे मत आहे. भाऊरावांनी या मुलांना कामाचे धडे पुस्तकातून दिले नाहीत. ते स्वतः कुदळ घेऊन उभे राहत. पहार कशी धरावी, दगडाची रेघ कोठे आहे, घाव कोठे घातला म्हणजे तो सहज फुटतो, ओल किती असताना जमीन हाताळावी, हे सांगून येत नाही, बरोबर काम करूनच येते. चुकलेल्या मुलावर ते रागावत, प्रसंगी फार रागावत. पण काम त्याच्या हातून काढून घेत नसत. ज्याच्या हाती नांगर दिला त्यालाच सरी पूर्ण करू द्यावयाची, ही शेतातील रीत त्यांनी वसतिगृहात चालू ठेवली. आजही कारागीर जेव्हा शिक्षक होतो तेव्हा त्याची पहिली अडचण हीच असते. स्वतःला सफाईने येणारे काम दुसऱ्याच्या हातून वेडेवाकडे होताना पाहवत नाही आणि हात पुढे जातो. तो हात आवरणे ही वेगळीच विद्या आहे.

आपल्या एकट्याच्या बळावर खेडोपाडी शाळा निघणार नाहीत, हे ओळखून त्यांनी शिक्षक घडविण्याकडे लक्ष दिले. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यास युनियन बोर्डिंग हाऊस निघाले होते. १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. तेच पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. येथील भावी शिक्षकांनाही अंगमेहनतीतून सूट नव्हती. ज्याने स्वतः घाम गाळला नाही त्याने शेतकऱ्याच्या मुलाला काय शिकवावे, अशी त्यामागील भूमिका. १९३७ नंतर मुंबई सरकारने खाजगी संस्थांच्या व्हॉलंटरी शाळांना उत्तेजन दिले तेव्हा याच शिक्षकांना घेऊन संस्थेने डोंगराळ भागातील, रस्ता नसलेल्या गावांत एकशिक्षकी शाळा उघडल्या. कोठे देवळात, कोठे धर्मशाळेत, कोठे झाडाखाली.

१९४० साली सातारा येथे महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. फी नाही, राहण्याची सोय शाळेतच आणि खर्चाचा भार श्रमावर, असे त्याचे स्वरूप होते. कमवा आणि शिका ही योजना येथे पूर्णत्वास आली. खडकाळ, कोणालाही नको असलेली जमीन मिळवावी, मुलांनी दगड वेचावेत, फोडावेत, बांध घालावेत, माती भरावी आणि तेथे पीक उभे करावे. त्यातून धान्य मिळे, इमारतीला दगड मिळे आणि मुलाला आपण कोणाच्या भिकेवर शिकत नाही हे समाधान मिळे. श्रमाची ही पद्धत १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजातही आली. पदवीचा विद्यार्थी सकाळी टिकाव चालवितो आणि दुपारी वर्गात बसतो, हे दृश्य त्या वेळच्या सुशिक्षितांना चमत्कारिक वाटले. मुलांचा अभ्यासाचा वेळ मजुरीत जातो, अशी टीकाही झाली. ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही, कारण थकलेल्या मुलाला रात्री कंदिलापाशी डुलकी येणारच. परंतु श्रमाचा पर्याय नसता तर त्या मुलांपैकी बहुतेकांना शाळेचा उंबरठाच दिसला नसता. टीकाकारांची मुले अन्यथाही शिकणारच होती.

स्वातंत्र्यानंतर लगेचच काही काळ संस्थेचे सरकारी अनुदान बंद पडले. ती वर्षे अत्यंत ओढाताणीची गेली. गावोगावच्या माणसांनी धान्य दिले, शिक्षकांनी पगारावाचून दिवस काढले, आणि अनुदान पुन्हा सुरू झाले तेव्हा संस्था मोडलेली नव्हती. गांधीजींच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला होता. १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराजांच्या नावाने महाविद्यालय आणि १९५५ मध्ये साताऱ्यास शिक्षकांसाठी आझाद कॉलेज निघाले. भाऊरावांच्या अखेरीपर्यंत माध्यमिक शाळांची संख्या शंभरावर गेली होती, आणि संस्थेने उघडलेल्या प्राथमिक शाळा पाचशेहून अधिक होत्या.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. ही पदवी दिली. इंग्रजी सहावीपाशी शाळा सुटलेल्या माणसाला विद्यापीठाची पदवी मिळाली तेव्हा तो अंथरुणाला खिळलेला होता. ९ मे १९५९ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी साताऱ्यास आहे.